टॉवेलची कुळकथा

सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागांच्या अखंड खडखडाटात जी वस्तू रोज हजारोंनी विणली जाते, तिच्या ‘टॉवेल’ या नावात सुताचा वा कापसाचा लवलेशही नाही, हे प्रथम ध्यानात आले तेव्हा मला मोठा विस्मय वाटला. त्या नावाचा मूळ जर्मानिक धातू केवळ ‘धुणे’ या क्रियेचा वाचक. धुतलेले अंग कोरडे करणारे फडके त्यापासून ‘टॉवेल’ या नावास पात्र ठरले, आणि जुन्या फ्रेंच भाषेतून तेराव्या शतकाच्या सुमारास ते नाव इंग्रजीत दाखल झाले. त्याच कुळातली पोर्तुगीज ‘तुआल्या’ समुद्रमार्गे आपल्याकडे येऊन हिंदीत ‘तौलिया’ आणि कोकणीत ‘तुवालो’ झाली. तेव्हा मडगावचा तुवालो व सोलापूरचा टॉवेल हे सख्खे नव्हेत, तरी चुलतभाऊ खचित आहेत. पोर्तुगीजांच्या घरी मात्र हाच शब्द जेवणाच्या मेजावरील आच्छादनासही लागतो.

फारसीनेही वस्त्राला कामावरूनच नाव दिले. ‘रू’ म्हणजे चेहरा आणि तो पुसणारा तो ‘रुमाल’. पुढे पेशवे दफ्तरातील कागद ज्या फडक्यांत बांधले गेले त्यांनाही रुमाल म्हणू लागले, आणि दफ्तराची मोजदादच रुमालांवर होऊ लागली.

आज आपण वापरतो तो फासांचा टॉवेल तुर्कस्तानचा, म्हणूनच त्यास ‘टर्किश’ म्हणतात. हेन्री ख्रिस्ती या इंग्रज प्रवाशाने तेथील नमुना स्वदेशी नेला आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हे कापड लोकांसमोर आले. त्याची युक्ती अशी की मागावर उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात, एक ताठ, दुसरा सैल. आडवे दोन धागे किंचित दूर ठेवून तिसऱ्यासरशी फणी त्या सर्वांना एकदम पुढे ठोकते, आणि सैल ताणा फासांच्या रूपाने वर उभा राहतो. पाणी शोषून घेतात ते हेच फास.

तेलंगणातून येऊन सोलापुरात स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांनी ही विद्या इतकी आत्मसात केली की ‘सोलापूर टेरी टॉवेल’ हे नाव चादरीसह भौगोलिक निर्देशनाच्या सरकारी नोंदवहीत चढले. माझ्या मते मात्र त्याहून थोर नोंद मांडवातली आहे. तेथे टॉवेल-टोपीचा आहेर केल्यावाचून पाहुण्याचा मान पुरा होत नाही, आणि घडी न मोडलेला तो टॉवेल खांद्यावर टाकूनच वडीलधारे पंगतीला बसतात.