तळटीप : ‘लॅपटॉप लावून गाडी लोह्यापर्यंत नेली’

१. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्यात केबल खोचली की इंजिनाच्या संगणकातले, म्हणजे ईसीयूतले, आकडे लॅपटॉपवर येतात : इंजिनाचे फेरे, कूलंटचे तापमान, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, म्हणजे रेलमधला, दाब. वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-४ मानक १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. त्याआधीच्या अनेक गाड्यांना मात्र अशी साधी केबल पुरत नाही, कंपनीचेच स्कॅनर लागते. उभ्या गाडीत न सापडणारा बिघाड लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड रस्त्यावर, एसी चालू ठेवून ओव्हरटेक करताना, नोंदीत सापडतो : ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, पण रेलचा दाब मागणीपेक्षा कमी असेल, तर आधी डिझेल फिल्टर तपासावा. लॅपटॉप शेजारी बसलेल्याने सांभाळावा, चालवणाऱ्याने रस्ता. ईसीयूतला एरर कोड नुसता पुसल्याने दुरुस्ती होत नाही.

— संपादक