बेचिराख गावाची पांढरी

ज्या गावात दिवा लागत नाही, त्याला आपल्या जुन्या दप्तरांत 'बेचिराख' म्हणत. इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील व्हॅरम पर्सी हे असेच एक गाव. त्या मध्ययुगीन वस्तीपैकी छप्पर हरवलेले चर्च तेवढे आज उभे आहे. पण कुरणाच्या गवताखाली घरांचे चौथरे, परसांच्या हद्दी व खोलगट वाटा अजून उमटून दिसतात. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट या संशोधकांच्या पुढाकाराने १९५० पासून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात तेथे उत्खनन चालले.

१३४८-४९ च्या महामारीनंतरही गाव नांदत होते. ते उठले १५०० च्या सुमारास. नांगराला अनेक हात लागतात, मेंढरांना एक धनगर पुरतो आणि लोकरीला भाव चांगला, हा हिशेब जमीनदाराने मांडला व उरल्यासुरल्या कुटुंबांना हुसकून लावले. पांढरी आणि काळी, दोन्ही मेंढरांच्या वाट्याला गेली.

नवल हे, की ज्या कुरणाने माणसे घालविली, त्यानेच त्यांच्या खुणा जपल्या. पांढरीवर नांगर फिरता, तर त्या केव्हाच पुसल्या जात्या. दप्तरांत जमीनदारांची नावे ठळक असतात. कुळांच्या संसाराची साक्ष येथे मातीने दिली. ती ऐकण्यास चाळीस वर्षे बसणाऱ्यांचे ऋण आम्ही मानतो.