बिलियर्ड्सची खोली आणि मांडलेला भूतकाळ : उटी व सिंगापूर येथील दोन कथांचा तुलनात्मक विचार

जुन्या काळाचे वातावरण मुद्दाम निर्माण केलेली मद्यगृहे आणि विश्रामगृहे आज जगातील बहुतेक मोठ्या शहरांत आढळतात. गडद लाकडाचे पटईकाम, पितळी दिवे, भिंतीवरील शिकारीची शिंगे, काचेच्या कपाटातील हस्तिदंती चेंडू आणि मधोमध हिरव्या कापडाचे भव्य टेबल ही या सजावटीची जणू ठरलेली परिभाषा झाली आहे. तिच्याकडे केवळ अभिरुचीचा किंवा व्यापाराचा विषय म्हणून पाहणे अपुरे ठरते. वस्तूंची निवड, त्यांचा क्रम आणि त्यांच्याभोवती सांगितली जाणारी कथा यांतून भूतकाळाविषयीची एक संहिताच रचली जात असते. संहिता म्हटली की तिचा निवेदक कोण, तिने काय गाळले आणि तिचा वाचक कोण हे प्रश्न अपरिहार्य ठरतात. उटी येथील क्लब आणि सिंगापूरचे रॅफल्स हॉटेल या दोन स्थळांच्या बिलियर्ड्स-खोल्यांशी निगडित कथांच्या आधारे या प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

१

उटकमंड क्लबची इमारत क्लबपेक्षा जुनी आहे. हैदराबादच्या पामर आणि कंपनी या पेढीशी संबंधित असलेले सर विल्यम रम्बोल्ड यांनी ती १८३० नंतरच्या पहिल्या वर्षांत उभारली. १८३४ मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांचे उटीत वास्तव्य होते आणि त्याच वर्षी नुकतेच हिंदुस्थानात आलेले मेकॉले त्यांना भेटण्यासाठी निलगिरी चढून आले. १८४१ मध्ये क्लबची स्थापना झाली. ‘उटी हंट’ या नावाने कोल्ह्यांची शिकार करणाऱ्या मंडळींची नामावली आणि शिकारीच्या खुणा क्लबच्या भिंतींवर आहेत. तथापि क्लबची जगभरची ख्याती आहे ती बिलियर्ड्सच्या खोलीमुळे, कारण स्नूकर या खेळाचे नियम येथे लिहून लावले गेले असे मानले जाते.

स्नूकरच्या जन्माची कथा मात्र उटीपासून दूर, जबलपूर येथे सुरू होते. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलात असलेले हे शहर त्यानंतर कंपनीच्या ताब्यात जाऊन लष्करी ठाणे बनले. १८७५ च्या पावसाळ्यात तेथील अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन (१८५६-१९४४) या तरुण अधिकाऱ्याने ‘ब्लॅक पूल’ या प्रचलित खेळात आणखी रंगीत चेंडूंची भर घातली. वुलिच येथील लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘स्नूकर’ म्हणतात हे एका पाहुण्या अधिकाऱ्याकडून कळल्यावर, सोपा चेंडू चुकविणाऱ्या एका सोबत्याला चेंबरलेनने त्याच शब्दाने हिणविले. पुढे, या खेळात आपण सारेच स्नूकर आहोत असे म्हणून त्याने वातावरण निवळविले आणि ते नाव खेळालाच चिकटले. हे चेंबरलेन म्हणजे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले त्याच नावाचे गृहस्थ नव्हेत. अफगाण युद्धानंतर, १८८१ मध्ये मद्रास सेनेचे सरसेनापती झालेल्या फ्रेडरिक रॉबर्ट्स यांच्या पदरी ते उटीला आले आणि त्या मुक्कामात खेळाला नियमांचे रूप मिळाले, अशी ही परंपरा सांगते.

कथा सुबक आहे. परंतु ती सार्वजनिक रीत्या केव्हा सांगितली गेली हे पाहिले म्हणजे तिचे स्वरूप बदलते. खेळाचा उगम वुलिच येथे झाल्याचा दावा पुढे आल्यानंतर चेंबरलेन यांनी मार्च १९३८ मध्ये ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून आपला हक्क मांडला. १९३९ मध्ये कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी लेख लिहून त्याची पाठराखण केली. म्हणजे घटना आणि तिचे प्रसिद्ध कथन यांत ६३ वर्षांचे अंतर आहे. निवेदक तेव्हा ऐंशी ओलांडलेला वृद्ध होता. आणि जो खेळ त्याने आपला म्हणून सांगितला त्याची व्यावसायिक विश्वविजेतेपद स्पर्धा १९२७ पासून सुरू झालेली होती. ज्या पलटणीचा उल्लेख या कथेत ‘डेव्हनशायर रेजिमेंट’ असा होतो, तिचे अधिकृत नाव १८७५ मध्ये ‘११ वी (नॉर्थ डेव्हनशायर) पायदळ पलटण’ असे होते. सुटसुटीत नाव १८८१ च्या लष्करी पुनर्रचनेत आले. या तपशिलामुळे कथा खोटी ठरत नाही. मात्र पुढच्या काळाची भाषा मागच्या घटनेत कशी शिरते याचा तो नेमका नमुना आहे. आज खोलीत लावलेली नियमांची प्रत आणि उगमकथा पाहणाऱ्यास १८८२ च्या सुमाराचा दस्तऐवज वाचल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी १९३८ ची आठवण वाचत असतो.

२

सिंगापूरची कथा अधिक नाट्यमय आहे. सार्कीज या आर्मेनियन बंधूंनी १८८७ मध्ये सुरू केलेल्या रॅफल्स हॉटेलची बिलियर्ड्स-खोली जमिनीपासून उंच, खांबांवर उभारलेली होती. ऑगस्ट १९०२ मध्ये जवळच्या खेळातून निसटलेला एक वाघ या खोलीखालच्या पोकळीत शिरला आणि रॅफल्स इन्स्टिट्यूशनचे मुख्याध्यापक सी. एम. फिलिप्स यांनी तो गोळी घालून मारला. एवढी घटना निर्विवाद आहे. पण कथनाच्या प्रवासात तिच्यात दोन लक्षणीय बदल झाले. खोलीखालचा वाघ बिलियर्ड्सच्या टेबलाखाली आला आणि सर्कशीतला वाघ ‘सिंगापुरातला शेवटचा वाघ’ ठरला. बेटावरील शेवटचा रानटी वाघ मारला गेला तो १९३० च्या सुमारास, म्हणजे या प्रसंगानंतर जवळजवळ तीन दशकांनी.

हे बदल यादृच्छिक नाहीत. टेबलाखालचा वाघ ही प्रतिमा वसाहतीच्या आत्मकथनाला सोयीची आहे : वर नियम, शिष्टाचार आणि मोजलेले गुण, खाली काबूत न आलेले अरण्य, आणि दोहोंमध्ये एक बंदूक. पिंजऱ्यातून सुटलेला, माणसाळविलेला प्राणी या रूपकात बसत नाही, म्हणून त्याला पुन्हा रानटी करावे लागले. उटीच्या कथेत अरण्याच्या जागी मुसळधार पाऊस आहे. तेथेही बाहेरचा देश हा केवळ कंटाळ्याचे कारण म्हणून येतो.

१९८७ मध्ये रॅफल्स हॉटेलला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. १९८९ ते १९९१ या काळात ते बंद ठेवून त्याचे जे पुनरुज्जीवन झाले त्यासाठी १९१५ च्या सुमाराचे रूप आदर्श म्हणून निवडण्यात आले. शतकाहून अधिक काळ सतत बदलत आलेल्या वास्तूचे एकच वर्ष ‘खरे’ मानणे हा वास्तुशास्त्रीय निर्णय असतो, तसाच तो निवेदनाचाही असतो. या निवडीत १९४२ नंतरचा जपानी ताबा सजावटीच्या चौकटीबाहेर राहतो. २०१७ ते २०१९ च्या नूतनीकरणानंतर ‘बार अँड बिलियर्ड रूम’ या नावाच्या जागी उपाहारगृह आले आणि नावात ‘बीबीआर’ ही आद्याक्षरे तेवढी ठेवण्यात आली. खेळ गेला, पण त्याची खूण विक्रेय राहिली.

३

साहित्याच्या अभ्यासकाला येथे कालविपर्यासाची आठवण होणे स्वाभाविक आहे. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ या नाटकाच्या दुसऱ्या अंकात क्लिओपात्रा बिलियर्ड्स खेळण्याची इच्छा प्रकट करते. इसवी सनापूर्वीच्या इजिप्तमध्ये हा खेळ असणे अशक्य होते. तो पंधराव्या शतकातील युरोपात मैदानी खेळातून टेबलावर आला. नाटकातील हा विपर्यास उघड आहे. तो राणीचा कंटाळा नाटककाराच्या प्रेक्षकाला ओळखीचा करून देतो आणि कोणालाही फसवीत नाही. सजावटीतील विपर्यास नेमका उलट जातीचा असतो. तेथे वस्तू अस्सल असते, तिचे वयही खरे असते. परंतु ज्या संबंधांत ती वापरली गेली ते संबंध काढून टाकलेले असतात.

चेंडूंचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. एका सुळ्यातून उत्तम प्रतीचे मोजकेच चेंडू निघत, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात या खेळाच्या प्रसाराबरोबर हत्तींची कत्तल वाढली. हस्तिदंत महाग होऊ लागल्यावर १८६३ मध्ये फेलन आणि कॉलेंडर या न्यूयॉर्कच्या कारखानदारांनी पर्यायी पदार्थासाठी दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जॉन वेस्ली हायट यांच्या त्या दिशेच्या खटपटीतून सेल्युलॉइड व्यवहारात आले. पुढे याच पदार्थाच्या पट्टीवर चलच्चित्रे उमटली आणि १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदीचा निर्णय झाल्यानंतर जुने चेंडू खेळातून नव्हे, तर बाजारातूनही दुर्मीळ झाले आणि कपाटातील त्यांचे मोल वाढले. कपाटाची पाटी वर्ष सांगते. हत्ती सांगत नाही.

दुसरी अनुपस्थिती माणसाची आहे. हिंदुस्थानातील क्लबांत गुण मांडणारा, चेंडू लावणारा, क्यूला खडू देणारा आणि सोबती नसेल तेव्हा सभासदाशी खेळणारा ‘मार्कर’ हा या खोलीचा खरा जाणकार असे. हा शब्द अजून आपल्या क्लबांत रूढ आहे. बहुतेक वसाहती क्लबांत भारतीयांना दीर्घकाळ सभासद म्हणून प्रवेश नव्हता. मार्कर म्हणून मात्र होता. प्रचलित उगमकथेत अधिकारी आहेत, पाहुणा आहे, पाऊस आहे, मार्कर नाही. चेंबरलेन यांच्या सांगण्यानुसार १८८५ मध्ये कलकत्त्यास नामवंत खेळाडू जॉन रॉबर्ट्स (धाकटे) यांना त्यांनी खेळ समजावून दिला तो कूचबिहारच्या महाराजांबरोबरच्या भोजनप्रसंगी. म्हणजे कथेत भारतीय येतो तो यजमान राजा म्हणूनच.

यापुढचा इतिहास या मांडणीला उत्तर देणारा आहे. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेतेपद मिळविले आणि कोणत्याही क्रीडाप्रकारात वैयक्तिक विश्वविजेता होणारे ते पहिले भारतीय ठरले. १९६४ मध्ये त्यांनी ते पुन्हा मिळविले. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी पुढे ही परंपरा चालविली आणि स्नूकरमध्ये १९८४ साली ओमप्रकाश अगरवाल हौशी विश्वविजेते झाले. ज्यांना या खोलीत उभे राहण्याची मुभा होती, पण खेळात सामील होण्याचा अधिकार नव्हता, त्यांच्या देशाने खेळ आत्मसात केला. तरीही ‘ऐतिहासिक’ सजावटीचा काळ बहुधा १९४७ पूर्वीच थांबलेला असतो. १९५८ ला तेथे क्वचितच भिंत मिळते.

४

या विवेचनाचा अर्थ अशा खोल्या मोडाव्यात असा नाही. उटीची खोली जपली गेली म्हणूनच तिच्याविषयी प्रश्न विचारता येतात. प्रश्न जतनाचा नसून वाचनाचा आहे. संहितेची आवृत्ती, तिचा काळ आणि पाठभेद तपासण्याची जी शिस्त साहित्याभ्यासात रुजली आहे ती या खोल्यांनाही लावता येते : उगमकथा प्रथम केव्हा व कोणत्या वादाच्या निमित्ताने सांगितली गेली, पुनरुज्जीवनासाठी कोणते वर्ष निवडले आणि कोणते वगळले, वस्तू कशापासून बनली आणि ती कोणाच्या हातून हाताळली गेली. १९३८ चे पत्र, १९१५ चे निवडलेले रूप आणि टेबलाखाली सरकलेला वाघ हे तीन पाठभेद दाखवितात की, सजावट इतिहास सांगत असते तेव्हा ती त्याचे संपादनही करीत असते. संपादकाचे नाव मात्र कोणत्याही पाटीवर नसते. ते शोधणे हे तौलनिक अभ्यासाचे काम आहे.