पेठेच्या बैठकीत कोण बसतं?

गावाबाहेर हमरस्त्याला मोठं दुकान झालं की गावातल्या पेठेचं गिऱ्हाईक पातळ होतं, हे आपण सगळ्याच बघतो. हे दुखणं जुनं आहे. त्यावर अमेरिकेतल्या तीन गावांनी काय केलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

तिकडे गावच्या मुख्य पेठेला ‘मेन स्ट्रीट’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी मोटारी आल्या आणि माणसं गावाबाहेर राहायला गेली. १९५६ साली महामार्गांचा मोठा कायदा झाला. त्याच वर्षी मिनेसोटा राज्यात साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. असे मॉल मग ठिकठिकाणी निघाले. पेठेतले दुकानदार धास्तावले. नवं दिसावं म्हणून अनेकांनी जुन्या देखण्या दर्शनी भिंतींवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले. गिऱ्हाईक तरीही फिरकेना.

नॅशनल ट्रस्ट ही तिकडची जुन्या वास्तू जपणारी संस्था. तिथल्या मेरी मीन्स या बाईंनी १९७७ साली एक प्रयोग सुरू केला. त्यासाठी गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज ही तीन गावं निवडली. विचार साधा होता. मॉल एका हाताखाली चालतो. उघडण्याची वेळ, जाहिरात, स्वच्छता सगळं एकत्र ठरतं. पेठेत मात्र प्रत्येक दुकानदार आपापल्या गल्ल्यापुरता बघतो. म्हणून प्रत्येक गावात पेठेसाठी एक व्यवस्थापक नेमला. दुकानदार, घरमालक, बँक, नगरपालिका आणि रहिवासी यांना एकत्र आणायचं, हे त्याचं काम. चार गोष्टी एकदम हाती घेतल्या: संघटना, प्रसिद्धी, इमारतींचं रूप आणि धंद्याची घडी. पत्रे उतरले, जुन्या भिंती पुन्हा दिसू लागल्या. तीन वर्षांच्या अनुभवावर १९८० साली या कामासाठी राष्ट्रीय केंद्र निघालं आणि पुढे शेकडो गावांनी ही वाट धरली.

आता आपल्याकडे बघू. आपली पेठ नुसत्या दुकानांची नाही. भाजीची पाटी, बांगड्यांची गाडी, पथारीवरची मिरची-कोथिंबीर यांनीही ती भरते, आणि तिथे बसणाऱ्या कितीतरी बायाच आहेत. पेठ ‘सुधारायची’ म्हटलं की पहिली उचलतात ती त्यांची पाटी.

म्हणून २०१४ चा पथविक्रेता कायदा आपल्या कामाचा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. आयुक्त किंवा मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष. नियोजन, वाहतूक आणि पोलीस खात्यांचे लोक, व्यापारी संघटना, बँका, रहिवासी संघ हे सगळे त्यात येतात. म्हणजे त्या तीन गावांत जमली तशीच ही बैठक. फरक एवढाच की इथे किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेल्यांच्या, आणि त्यातल्या किमान एक तृतीयांश बायांच्या. शिवाय विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हलवता येत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बाजाराच्या दिवशी चौघी-पाचजणी मिळून नगरपालिकेत जा आणि तीन प्रश्न विचारा. आमच्या गावात समिती आहे का? तिच्यात कोणकोणत्या बाया आहेत? शेवटची बैठक कधी झाली? उत्तर लेखी मागा.