उसाच्या गाडीवरचे शब्द

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'शाळेच्या आठवणी लिहा' असे सुचवले होते. आठवणी इतर मंडळी माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. मी आयुष्यभर भाषा शिकवली, म्हणून आपल्या बारामती-इंदापूर भागातल्या शब्दांचाच थोडा इतिहास सांगावा असे ठरवले. त्याला निमित्तही आहे. गेल्या दिवाळीत आपल्या बॅचच्या ग्रुपवर एकाने 'ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय' छापाचा एक लांबलचक संदेश टाकला. जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या, असा त्याचा मथितार्थ. दुसऱ्याने लगेच उत्तर दिले, की आपले स्वतःचे आहे तरी काय? बटाट्यापासून बटणापर्यंत सगळे बाहेरचेच. शब्दाने शब्द वाढला आणि एक जण ग्रुप सोडून गेला, तो अजून परतलेला नाही. दोघेही चाळीस वर्षांपूर्वी एकाच बाकावर बसत. हा लेख मुख्यतः त्या दोघांसाठी.

ऑस्ट्रेलियाचे आधी उरकून टाकतो. लॅटिनमध्ये 'ऑस्ट्रालिस' म्हणजे दक्षिणेकडचा. दक्षिणेकडचा भूखंड, म्हणून ते नाव. त्यात अस्त्रही नाही आणि आलयही नाही.

आता मूळ मुद्दा. दोन भाषांतले शब्द सारखे असण्याची मुख्य कारणे दोन. एक भावकी आणि दुसरे उसनवारी. भावकी म्हणजे दोन्ही शब्द एकाच पूर्वजाचे वंशज. उसनवारी म्हणजे एकाने दुसऱ्याच्या घरून शब्द उचलून आणला. भावकीत कोणी कोणाला काही दिलेले नसते, दोघांनाही ते वारशाने मिळालेले असते. हा फरक न केल्यामुळेच आपल्याकडे निम्मी भांडणे होतात. तिसरा प्रकार निव्वळ योगायोगाचा. 'बदनाम' मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळचा, अर्थही तोच, पण एकमेकांशी नाते काहीही नाही.

भावकी आणि उसनवारी एकत्र पाहायची तर आपल्या भागात एकच वस्तू पुरेशी आहे : कारखान्याच्या काट्यावर उभी असलेली उसाची बैलगाडी. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, कुठल्याही काट्यावरची चालेल.

गाडीपासून सुरुवात करू. चाक, आस, जू. चाक हे संस्कृत 'चक्र'पासून आले. आस 'अक्ष'पासून आणि जू 'युग'पासून. यांचे इंग्रजी भाऊबंद म्हणजे व्हील, एक्सल आणि योक. चाक आणि व्हील कानाला अजिबात सारखे वाटत नाहीत, आणि गंमत नेमकी इथेच आहे. भावकीतले शब्द हजारो वर्षे वेगवेगळ्या घरांत वाढतात, त्यांचे चेहरे बदलतात, पण बदलतात ते ठराविक नियमाने. संस्कृतातल्या 'ग'च्या जागी इंग्रजीत 'क' येतो. 'युग'चा 'योक', 'गो'चा 'काऊ'. संस्कृतातल्या जुन्या 'श'च्या जागी इंग्रजीत 'ह' येतो. 'शत' म्हणजे हंड्रेड, 'श्वान' म्हणजे हाउंड, 'शृंग' म्हणजे हॉर्न. बैलाचे शिंग आणि ट्रॅक्टरचा हॉर्न हे एकाच घरातले, कारण युरोपात आधी खऱ्या शिंगातूनच फुंकर मारून आवाज काढत. हे नियम जर्मन पंडित याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये व्यवस्थित मांडले. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू आपण ऐकून आहोत, त्यांतला हा थोरला.

'चक्र'चा ग्रीक भाऊ 'किक्लोस'. त्यावरून 'सायकल' आली. म्हणजे आपण 'सायकलचे चाक' म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा उच्चारतो. जू ज्या धातूपासून आले त्या 'युज्'पासूनच बैलाच्या गळ्याखालचे जोते (योक्त्र) आले, 'योग' आला, आणि लॅटिनमध्ये 'जोडणे' या अर्थाचा शब्द झाला. त्या लॅटिन शब्दापासून इंग्रजीत 'जंक्शन'. बारामतीची गाडी १९१४ पासून दौंडहून सुटते. तिथल्या पाटीवरचे 'जंक्शन' आणि आपल्या बैलांच्या मानेवरचे 'जू' हे चुलत भाऊ आहेत.

यातून एक मोठी गोष्ट सिद्ध होते. चाकाच्या गाडीचे सर्वांत जुने पुरावे इ.स.पू. ३५०० च्या सुमाराचे आहेत. चाक, आस, जू हे शब्द भारतापासून आयर्लंडपर्यंत नियमाने जुळतात. म्हणजे या भाषांचे पूर्वज, चाक माहीत झाल्यानंतरही, काही काळ एकच भाषा बोलत होते. ती भाषा संस्कृत नव्हे, लॅटिनही नव्हे. ती दोघींची आई, आणि ती कोणी लिहून ठेवलेली नाही. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात ती बोलली जात असावी असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. १७८६ मध्ये कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स बोलले, तेव्हा त्यांनी संस्कृतची तोंडभरून स्तुती केली. पण संस्कृत ग्रीक-लॅटिनची आई आहे असे ते म्हणाले नाहीत. तिघींचा उगम एका भाषेत असावा आणि ती कदाचित आज अस्तित्वातही नसेल, असे ते म्हणाले. ग्रुपवरच्या आपल्या पहिल्या मित्राने हे वाक्य अर्धेच ऐकले होते.

जोन्सच्या दोनशे वर्षे आधी ही गोष्ट ज्याच्या लक्षात आली तो माणूस मराठीतला कवी होता, हे मात्र आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने मराठीत 'ख्रिस्तपुराण' हे ओवीबद्ध काव्य रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. या स्टीफन्सने १५८३ मध्ये आपल्या भावाला पत्र लिहून कळवले, की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. पुढे दोनच वर्षांनी फिलिप्पो सासेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यानेही सप्त आणि सेत्ते, अष्ट आणि ओत्तो, नव आणि नोवे अशा जोड्या नोंदवल्या. मोरोपंतांच्या बारामतीत वाढलेल्या आपल्याला मराठी काव्याचे कौतुक आहेच. त्यात या विलायती कवीलाही थोडी जागा द्यावी.

गाडी झाली. आता गाडीवरचा माल.

'ऊस' हा शब्द 'इक्षु'वरून आला आणि घरीच राहिला. पण उसापासून जे निघाले त्याच्या नावाने जग पालथे घातले. 'शर्करा' म्हणजे मुळात वाळूचे, खड्याचे कण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा अशी उसाच्या पदार्थांची यादीच आहे. काकवीपासून साखरेपर्यंतच्या पायऱ्या तेव्हाच वेगवेगळ्या नावांनी ओळखल्या जात होत्या. सिकंदराबरोबर आलेल्या नियार्कसला मधमाश्यांशिवाय मध देणाऱ्या वेताचे नवल वाटले होते. त्याच्या भाषेत या पदार्थाला शब्द नव्हता, कारण तो पदार्थच त्यांच्याकडे नव्हता. मध होता. म्हणून मधाचा शब्द भावकीतला आहे. आपला 'मधु', इंग्रजांचे मधाचे मद्य 'मीड' आणि रशियनांचा 'म्योद' एकाच घरचे. साखरेचा शब्द मात्र मालाबरोबरच न्यावा लागला. फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', इटालियनमध्ये 'झुक्केरो', फ्रेंचमध्ये 'सुक्र', इंग्रजीत 'शुगर'. अरबांनी ऊस स्पेनमध्ये नेऊन लावला, म्हणून स्पॅनिशमध्ये अरबी 'अल्' चिकटून 'आसूकार' झाले.

ही उसनवारी आहे, भावकी नाही, हे कशावरून? वरच्याच नियमावरून. भावकी असती तर 'शत'चे जसे हंड्रेड झाले तसे 'शर्करा'चे इंग्रजीत काहीतरी 'ह'ने सुरू होणारे रूप झाले असते. ते 'शुगर' असे जवळजवळ जसेच्या तसे राहिले, म्हणजे प्रवास अलीकडचा. दूरच्या दोन भाषांतले शब्द फार सारखे दिसले की भाषेचा अभ्यासक आधी संशय घेतो.

साखरेचा भाऊ खंड. 'खण्ड' म्हणजे तुकडा. त्याचे फारसीत 'कंद', अरबीत 'कंदी', फ्रेंचमध्ये 'कांदी' आणि इंग्रजीत 'कँडी'. आपल्या नातवंडांच्या खिशात असते ती. आपल्या धान्याच्या 'खंडी'वरूनही इंग्रजीत 'कँडी' हे वजन गेले, आणि कापसाच्या बाजारात आजही सुमारे ३५६ किलोची कँडी चालते. पण ती कँडी वेगळी. गुळाला इंग्रजीत 'जॅगरी' म्हणतात तीही 'शर्करा'चीच लेक. मलबार किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी तिथला शब्द ऐकून 'जागरा' केले आणि इंग्रजांनी ते पुढे नेले. म्हणजे इंग्रजाने आपल्याकडून एकच शब्द दोन वाटांनी दोनदा उसना घेतला. एकदा अरबांच्या उंटावरून, एकदा पोर्तुगीजांच्या गलबतातून.

आणि मग तो परत आला. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात झाला, १८७६-७७ च्या दुष्काळाच्या पाठोपाठ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर पाण्याची ब्लॉक पद्धत बसवली. बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात ऊस उभा राहिला, आधी गुऱ्हाळे आली आणि मग कारखाने. कारखान्याच्या फाटकावर 'शुगर' लिहिलेले असते, घरात आपण 'साखर' म्हणतो आणि तपासणीच्या कागदावर 'रक्तातील शर्करा' असते. तिन्ही एकच शब्द. यंदाच्या मेळाव्याला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आता 'शुगर' आहे, आणि ते चहात सॅकरिनची गोळी टाकतात. ते 'सॅकरिन'ही ग्रीक-लॅटिनमधून फिरून आलेली शर्कराच. साखर टाळायलासुद्धा साखरेचेच नाव घ्यावे लागते!

आता आपल्या दुसऱ्या मित्राकडे वळतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याच काट्यावर उभे राहून ऐकले, तर 'वजन' अरबी, टोळीचा 'मुकादम' अरबी, 'मजूर' फारसी, 'टायर' आणि 'ट्रॉली' इंग्रजी. पिकांचे हंगाम 'खरीप' आणि 'रब्बी' दोन्ही अरबी. घरात आलो तर बटाटा, पाव, चावी, परात, घमेले, पिंप, कोबी, काजू हे सारे पोर्तुगीजांकडून. तूप कानडीशी जोडलेले, अण्णा आणि अक्कासुद्धा. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्यांतले काही रुजले, बरेचसे रुजले नाहीत, आणि त्यांचे आजोबा मालोजीराजे यांच्या इंदापुरात आजही तहसील कचेरीच आहे. पण उसने घेणारी भाषा दरिद्री, हे मला पटत नाही. इंग्रजीने साखर उसनी घेतली म्हणून इंग्रजी गरीब झाली नाही. घमेले पोर्तुगीज असले तरी त्यात कालवलेला माल आपल्याच घराचा असतो.

माझी खरी चिंता वेगळी आहे. बाहेरून आलेले शब्द टिकतील, त्यांना बाजार आहे. साखर आणि शुगरही टिकतील. धोक्यात आहेत ते गाडीचे शब्द. फडात यंत्र आले आहे, रस्त्यावर ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या धावतात. गॅरेजमध्ये 'एक्सल तुटला' म्हणतात, पण आस म्हणजे काय हे तिथल्या पोराला विचारले तर तो आशा समजतो. पाच हजार वर्षे बापाकडून मुलाकडे न चुकता आलेला शब्द आपल्या एका पिढीत थांबतो आहे. त्याची जागा घेणारा एक्सल त्याचाच भाऊ आहे हे खरे, पण घरचा तो घरचा.

म्हणून एक विनंती. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर मी एक वही ठेवणार आहे. तुंबा, आरे, धाव, साटा, शिवळ, जोते, कासरा, वेसण, एवढे मी लिहून ठेवले आहेत. तुमच्या घरी कोणी जुने माणूस असेल तर येण्यापूर्वी त्यांना विचारून या, आणि गाडीच्या, मोटेच्या, गुऱ्हाळाच्या ज्या ज्या भागाचे नाव कळेल ते वहीत लिहा. बारामतीच्या बाजूला आणि इंदापूरच्या बाजूला एकाच भागाची नावे वेगळी असतील तर दोन्ही लिहा, आणि शब्दापुढे गावाचे नाव घाला. ग्रुप सोडून गेलेल्या आपल्या मित्राच्या वडिलांची उसाची गाडी होती. पहिले पान मी त्याच्यासाठी कोरे ठेवले आहे.