राष्ट्रपतींची सही

आपल्या देशाचा सारा कारभार राष्ट्रपतींच्या नावाने चालतो. पण तो चालवतात पंतप्रधान आणि त्यांचे मंत्रिमंडळ. मग विधेयकाखाली किंवा जाहीरनाम्याखाली राष्ट्रपतींची जी सही पडते, ती नुसता शिक्का समजायची, की तिला स्वतःचे काही वजन आहे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, याचे उत्तर दिले होते. आपले राष्ट्रपती अमेरिकेच्या अध्यक्षांसारखे नव्हेत. इंग्लंडच्या राजाचे जे स्थान, तेच त्यांचे. ते राष्ट्राचे प्रतिनिधी, राज्यकर्ते नव्हेत. पण गंमत अशी, की घटनेच्या ७४ व्या कलमात एवढेच लिहिले गेले की, राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. तो सल्ला मानलाच पाहिजे, असे शब्द तिथे नव्हते. इंग्लंडात रूढीने जे चालते ते इथेही चालेल, असा भरवसा होता.

ही मोकळी जागा पहिल्या राष्ट्रपतींच्याच नजरेत भरली. १९५१ साली हिंदू कोड बिलाबाबत आपल्या बुद्धीला पटेल तसा निर्णय घेण्याची इच्छा डॉ. राजेंद्रप्रसादांनी पंडित नेहरूंना कळवली. नेहरूंनी सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर या कायदेपंडितांचा सल्ला घेतला. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, असेच दोघांचेही मत पडले. पुढे १९५५-५६ मध्ये हिंदू कायदे मंजूर झाले, तेव्हा राजेंद्रबाबूंनी त्यांवर सह्या केल्या. १९६० साली त्यांनी एका भाषणात हा प्रश्न पुन्हा काढला खरा. पण मतभेद असूनही रूढी मोडली नाही.

तिचा खरा कस लागला तो २५ जून १९७५ च्या रात्री. आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची सही झाली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झालेली नव्हती. मंत्र्यांना बातमी कळली ती दुसऱ्या दिवशी सकाळी! म्हणजे सल्ला मंत्रिमंडळाचा नव्हता, तो एकट्या पंतप्रधानांचा होता. त्यानंतर १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने सल्ला स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला.

१९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने त्यात दोन शहाणपणाच्या गोष्टी घातल्या. एक म्हणजे, आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आला पाहिजे. दुसरी म्हणजे, राष्ट्रपती कोणताही सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. मात्र तोच सल्ला पुन्हा आला, तर मानावा लागतो.

एकदाच परत पाठवून काय साधणार, असे कुणी म्हणेल. १९९७ साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट आणण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि गुजराल मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. उलट, २००६ साली लाभाच्या पदांविषयीचे विधेयक डॉ. अब्दुल कलाम यांनी परत केले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा संमत केले आणि कलामांनी सही केली. पहिल्या वेळी सरकार थांबले, दुसऱ्या वेळी राष्ट्रपती नमले. पण दोन्ही वेळा शंका कागदावर आली आणि देशाला कळली. राष्ट्रपतींचे बळ आहे ते इथे.

आता एक फट उरते. विधेयकांविषयीच्या १११ व्या कलमात दिवसांची मर्यादा नाही. १९८६ साली दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या टपाल विधेयकावर ग्यानी झैलसिंग यांनी सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. लोकांच्या पत्रव्यवहारावर नजर ठेवण्याचे अधिकार सरकारला देणारे ते विधेयक होते. ते अडले याचा पुष्कळांना आनंदच झाला. पण आज नको असलेला कायदा असा अडला, तर उद्या हवा असलेलाही अडेल.

म्हणून अमेरिकेत अध्यक्षांना दहा दिवसांची मुदत असते, तशी आपल्याकडेही थोडी अधिक उदार मुदत घटनेत घालावी, आणि परत पाठवताना कारणे लेखी देऊन ती संसदेपुढे ठेवावीत. यात राष्ट्रपतींचा विचारण्याचा हक्क जात नाही. जाते ती फक्त गप्प बसण्याची सोय. लोकशाहीत सही होवो वा न होवो, त्यामागचे कारण लोकांना कळले पाहिजे.