पन्नाशीचा देह आणि पार्वतीबाई आठवले

स्त्रीच्या देहांत पन्नाशीच्या सुमारास जो पालट घडतो, त्याविषयीं मराठी घरांत फारसें बोललें जात नाहीं. ‘पाळी गेली’ एवढ्या दोन शब्दांत तो विषय मिटतो. सुश्रुतसंहितेनें ऋतुप्राप्तीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे, आणि पुढें ऋतु थांबणें हें पिकलेल्या वयाचें स्वाभाविक कार्य मानलें आहे. १८२१ सालीं गार्दान नांवाच्या फ्रेंच वैद्यानें या अवस्थेस ‘मेनोपॉज’ हें नांव दिलें. त्यानंतर पाश्चात्य वैद्यकांत ती हळूहळू व्याधींच्या पंगतीला जाऊन बसली. १९६६ सालीं रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरानें तर औषध घेऊन स्त्रीनें कायम तरुण राहावें, असा पुकारा करणारें पुस्तकच लिहिलें. निसर्गाचा क्रम हा स्त्रीचा दोष ठरूं लागला.

परंतु प्रौढ स्त्रीच्या देहावर बाहेरून हुकमत चालविण्याची प्रथा परदेशांतूनच आली असें नव्हे. महाराष्ट्रांत ब्राह्मण विधवेचें केशवपन ही अशीच हुकमत होती. देवरुख येथें १८७० सालीं जन्मलेल्या पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षीं विधवा झाल्या आणि त्यांच्याही वांट्यास वस्तरा आला. त्यांची बहीण बाया हिनें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला. कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला व १९०० सालीं तो हिंगण्यास नेला. पार्वतीबाई तेथें शिकल्या, पुढें तेथल्याच व्यवस्थापिका झाल्या आणि आश्रमासाठीं गांवोगांव वर्गणी मागत हिंडल्या. सनातनी लोकांचा रोष संस्थेवर येऊं नये, म्हणून त्यांनीं वपन अनेक वर्षें चालूं ठेवलें. चाळिशी उलटल्यावर मात्र त्यांनीं तें थांबविलें. ज्या वयांत बाईच्या रूपाची गोष्ट संपली असें लोक धरून चालतात, त्या वयांत त्यांनीं आपल्या मस्तकाचा निर्णय आपल्या हातीं घेतला. वस्तरा ठेवणें हें त्यांचें नटणें नव्हतें. आपला देह आपला आहे, एवढेंच त्यांतून सांगणें होतें.

१९१८ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्या अमेरिकेस निघाल्या. इंग्रजी शिकावें आणि संस्थेसाठीं निधि जमवावा हा हेतु होता. भाषा अपुरी, हातीं पैसा थोडा. अशा स्थितींत त्यांनीं परक्यांच्या घरीं घरकाम केलें आणि १९२० सालीं त्या स्वदेशीं परतल्या. त्याच १९१८ सालीं, त्याच अमेरिकेंत, लुलू हंट पीटर्स या डॉक्टरीणबाईंचें कॅलरी मोजून जेवण्याचें पुस्तक निघालें आणि अतोनात खपलें. घासाघासाचा हिशेब ठेवून सडपातळ होण्याचा नाद सुशिक्षित स्त्रियांत तेव्हांपासून पसरत गेला. देह कमी कसा होईल, ही एक चिंता. त्याच देहाकडून अजून काय काम होईल, ही दुसरी. पार्वतीबाईंची चिंता दुसऱ्या जातीची होती.

आजचें वैद्यक या दुसऱ्या चिंतेच्याच बाजूला झुकतें. बीजकोशांतून स्रवणारें इस्ट्रोजेन घटलें कीं चरबी पोटाकडे अधिक सांचते, वयाबरोबर स्नायू क्षीण होतात, आणि ऋतु थांबण्याच्या आसपासच्या कांहीं वर्षांत हाडें वेगानें विरळ होतात. अशा वेळीं नुसतें अन्न तोडलें, तर चरबीबरोबर स्नायू जातात, हाडांचें बळही घटतें. आणि उतरलेलें वजन बहुधा पुन्हां चढतें. रोज चालणें, वजन उचलण्याचा बेताचा व्यायाम, डाळ, दूध, कडधान्यें किंवा अंडीं असलेलें पोटभर जेवण व पुरेशी झोंप यांनीं जें बळ टिकतें, तें उपासानें टिकत नाहीं. अंगाची तलखी असह्य झाली तर तीवर उपचार आहेत. आणि वर्षभर ऋतु बंद राहून पुन्हां रक्तस्राव झाला, तर मात्र संकोच न करतां त्वरित डॉक्टरांकडे जावें.

पुण्याच्या वायव्येस पवनेच्या खोऱ्यांतील रहाटणी हें एके काळचें शेतीवर जगणारें खेडें. १९५४ सालीं शेजारच्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, पाठोपाठ इतर कारखाने आले, आणि आज रहाटणी हें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंतील दाट वस्तीचें उपनगर आहे. तेथील जुन्या बायांना जातें, पाणी आणि शेत यांपायीं जी हालचाल घडे, ती आजच्या गृहिणीला व नोकरदार स्त्रीला ठरवून करावी लागते. जुन्या कष्टांचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. त्यांत झीजही होती. पण त्या बायांच्या घरांत वजनाचा कांटा नव्हता, आणि सकाळीं उठून त्याच्यापुढें कोणाला अपराध्यासारखें उभें राहावें लागत नव्हतें.

पार्वतीबाईंनीं १९२८ सालीं ‘माझी कहाणी’ हें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें आणि १९५५ पर्यंत, म्हणजे पंचाऐंशी वर्षांचें आयुष्य त्या जगल्या. अमेरिकेची बोट त्यांनीं धरली, तेव्हां त्यांतलीं सदतीस वर्षें अजून पुढेंच होतीं. पन्नाशीच्या दाराशीं आरशापुढें खिन्न उभ्या असलेल्या स्त्रीनें एवढा हिशेब जरूर करून पाहावा.